अर्धी उरलेली वचने

म्हणीला कर्ता नसतो असे आपण सहज बोलून जातो, आणि बहुतेक म्हणींच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु जगाच्या व्यवहारात रुळलेल्या काही म्हणी अशा आहेत की, त्यांचा माग चिकाटीने काढीत गेल्यास तो शेवटी एका विशिष्ट ग्रंथाच्या विशिष्ट प्रकरणापाशी जाऊन पोहोचतो. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो असे जर्मन माणूस सांगतो. गर्वामागून पतन येते असे इंग्रज शाळामास्तर मुलांना बजावतो. माणूस बेत करतो आणि त्याचा निकाल मात्र ईश्वराच्या हाती असतो, हा विचार मध्ययुगीन लॅटिन भाषेने एका सुटसुटीत वाक्यात बसवला, तर यिद्दिश बोलणाऱ्या पूर्व युरोपातील ज्यूंनी त्याला यमक जोडून देवाला हसायला लावले. घरावर एकामागून एक आपत्तीच्या वार्ता कोसळू लागल्या की जर्मन भाषा त्या वार्तेला ईयोबाचे नाव देते, आणि उर्दू भाषा त्याच पुरुषाच्या अय्यूब या नावाने सब्राची पराकाष्ठा व्यक्त करते. बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, ही सारी वचने जेरुसलेमभोवतीच्या एका लहानशा, डोंगराळ आणि पाण्याला महाग असलेल्या मुलखात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी सिद्ध झालेल्या तीन पोथ्यांशी नाते सांगतात. त्यांनी हा दूरचा प्रवास कसा केला हे या प्रकरणात पाहावयाचे आहे. पण त्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की, या प्रवासात बहुतेक वचने अर्धीच पोहोचली, आणि जे अर्धे मागे राहिले ते पुष्कळदा अधिक मोलाचे होते.

या पोथ्यांची मराठी बायबलमधील नावे नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक अशी आहेत. ज्यू परंपरा आपल्या धर्मग्रंथाचे नियमशास्त्र, संदेष्टे आणि लेख असे तीन भाग मानते, व या तिन्ही पोथ्या तिसऱ्या भागात येतात. आधीच्या भागांतून जो इतिहास पुनःपुन्हा आळवून सांगितलेला आहे, म्हणजे इजिप्तच्या दास्यातून झालेली सुटका, मोशेचे नेतृत्व आणि सीनाय पर्वतावर मिळालेल्या आज्ञा, त्याचा या पोथ्यांत उल्लेखही नाही, ही गोष्ट प्रथम वाचणाऱ्याला थक्क करते. इथे भेटतात ते खोटी वजने बाळगणारा व्यापारी, परक्याला जामीन राहून बुडालेला भोळा गृहस्थ, रस्त्यात सिंह आहे अशी सबब सांगून अंथरुण न सोडणारा आळशी, भल्या पहाटे मोठ्या आवाजात शुभ चिंतून शाप दिल्यासारखा वाटणारा शेजारी, आणि उन्हाळ्यातच आपली बेगमी करणारी मुंगी. धर्मग्रंथात स्थान मिळालेले हे लेखन विषयाने मात्र अगदी संसारी आहे; आणि संसार सर्वत्र सारखाच असल्यामुळे त्याला पुढे देशोदेशी आश्रय मिळाला.

परंपरेने नीतिसूत्रे आणि उपदेशक या दोन्ही पोथ्या शलमोन राजाच्या नावावर चढवल्या. राजांच्या इतिहासात त्याने ३००० नीतिवचने आणि १००५ गीते रचल्याचे नमूद आहे, आणि ज्यू पंडितांनी तर त्याच्या आयुष्याची वाटणीच करून टाकली: तारुण्यात त्याने प्रेमगीत लिहिले, प्रौढपणी नीतिसूत्रे, आणि वार्धक्यात उपदेशक. ही कल्पना मोहक आहे. परंतु नीतिसूत्रांची ३१ प्रकरणे बारकाईने पाहिली म्हणजे पोथीच आपली हकीकत वेगळी सांगते. ती एका हातची नसून अनेक लहानमोठ्या संग्रहांची जोडणी आहे, आणि प्रत्येक संग्रहाच्या आरंभी त्याचे शीर्षक प्रामाणिकपणे ठेवलेले आहे. पंचविसाव्या प्रकरणाच्या आरंभी अशी नोंद आहे की, पुढील वचने यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून काढली. हा हिज्कीया इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस राज्य करीत होता, म्हणजे शलमोनानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. अश्शूरी फौजांच्या धास्तीने गीहोन झऱ्याचे पाणी नगराच्या आत घेण्यासाठी याच राजाने सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा खडकातून खोदवला असे मानले जाते. दोन्ही तोंडांकडून खणत आलेले कामकरी मध्यावर कसे भेटले याचे वर्णन करणारा शिलालेख त्या बोगद्यात १८८० साली सापडला, आणि तो आज इस्तंबूलमध्ये आहे. ज्या राजवटीत पाण्याच्या कामाची हकीकत दगडावर कोरून ठेवली जात होती, त्याच राजवटीतले कारकून जुनी वचने गोळा करून दफ्तरी लावीत होते, हे चित्र मला शलमोनाच्या आख्यायिकेपेक्षा कितीतरी अधिक आदरणीय वाटते. म्हणींचा पहिला खरा उपकारकर्ता हा असा अनामिक लेखनिक आहे. त्याची हौसही कुठे कुठे डोकावते: दहाव्या प्रकरणापासून बाविसाव्याच्या मध्यापर्यंतच्या संग्रहात वचने ३७५ आहेत, आणि हिब्रू अक्षरांना असलेल्या अंकमूल्यांनी शलमोन या नावाची बेरीजही ३७५ च येते, पोथीच्या शेवटी कर्तबगार गृहिणीची जी स्तुती आहे तिची २२ कडवी हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांनी क्रमाने सुरू होतात.

शेवटच्या दोन प्रकरणांवर आगूर आणि लमुएल अशी नावे आहेत, आणि ती इस्राएली माणसांची दिसत नाहीत. लमुएलचा तर उपदेशही त्याचा स्वतःचा नसून त्याच्या आईने त्याला केलेला आहे. ईयोबही ऊस नावाच्या परमुलखातला. परंतु परकीय शहाणपणाला या ग्रंथात किती मोठे दार उघडे होते याचा खरा पुरावा विसाव्या शतकात पुढे आला. १८८८ साली ब्रिटिश म्युझियमसाठी इजिप्तमध्ये प्राचीन वस्तू मिळवीत असलेल्या वॉलिस बज या विद्वानाने एक पपायरसची गुंडाळी संपादन केली. ती संपूर्ण प्रसिद्ध व्हायला मात्र १९२३ साल उजाडले. तिच्यात अमेनेमोपे नावाच्या इजिप्शियन अंमलदाराने आपल्या धाकट्या मुलाला तीस प्रकरणांत केलेला उपदेश आहे. हा अंमलदार धान्याची मापे आणि जमिनीचा सारा यांची देखरेख करणारा होता, त्यामुळे खोटे माप, सरकवलेला बांध आणि गरिबावर लादलेली थकबाकी यांविषयी तो अनुभवाने बोलतो. १९२४ साली बर्लिनचे अडॉल्फ एर्मान यांनी दाखवून दिले की, नीतिसूत्रांच्या बाविसाव्या प्रकरणाच्या मध्यापासून सुरू होणारा, ‘शहाण्यांची वचने’ म्हणून ओळखला जाणारा संग्रह या उपदेशाशी अनेक ठिकाणी जवळजवळ कलमवार जुळतो: पूर्वजांनी घातलेली शेताची खूण हलवू नये, दुबळ्याला तो दुबळा आहे म्हणून लुबाडू नये, तापट माणसाची संगत धरू नये, सत्ताधीशाच्या पंगतीला बसल्यावर समोर काय आहे याचे भान सोडू नये. त्या संग्रहाच्या आरंभीचा एक हिब्रू शब्द शतकानुशतके भाष्यकारांना अडवून बसला होता. तिथे ‘तीस’ हा आकडा वाचावा, म्हणजे अर्थ सरळ लागतो, ही गोष्टही त्याच वेळी उजेडात आली.

संपत्ती पंख फुटून उडून जाते हा विचार दोघांकडेही आहे. पण इजिप्शियन लेखकाची संपत्ती हंसांसारखी उडते आणि हिब्रू लेखकाची गरुडासारखी. नाईलच्या काठी हंसांचे थवे रोज दिसत, यहूदाच्या कड्यांवर गरुड घिरट्या घालीत. एवढ्या एका फरकात उसनवारी आणि निर्मिती यांचे सारे नाते स्पष्ट होते. दुसऱ्याचे शहाणपण घेताना त्या अनामिक कारकुनांनी इजिप्तच्या देवतांची नावे गाळली, आपल्या ईश्वराचे नाव घातले, आपल्या आकाशातला पक्षी घातला, आणि विचार जसाच्या तसा ठेवला. काही श्रद्धाळू लोकांना या शोधाने धक्का बसला. तसे होण्याचे काही कारण नव्हते. जी जमात आपल्या पवित्र ग्रंथात शत्रूच्या देशातील नीतीलाही जागा देते, तिच्या मनाचा मोठेपणाच या शोधाने सिद्ध झाला.

आता या वचनांच्या घडणीकडे वळू, कारण त्यांच्या दीर्घायुष्याचे आणि त्यांच्या दुर्दैवाचेही रहस्य तिथे आहे. ऑक्सफर्डचे काव्याध्यापक रॉबर्ट लाउथ यांनी हिब्रू काव्यावर दिलेली लॅटिन व्याख्याने १७५३ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यांनी प्रथमच व्यवस्थितपणे दाखवले की, या काव्याचा प्राण यमकात नसून अर्थाच्या समांतरतेत आहे. प्रत्येक वचनाचे दोन तुकडे असतात, प्रत्येकी तीन-चार शब्दांचे. दुसरा तुकडा पहिल्याचाच अर्थ वेगळ्या शब्दांत सांगतो, किंवा त्याच्या विरुद्ध बाजू मांडतो, किंवा त्याला एक पाऊल पुढे नेतो. तागडीच्या दोन पारड्यांप्रमाणे हे तुकडे एकमेकांना तोलून धरतात. एक पारडे काढले तर दुसऱ्याला वजन सांगता येत नाही. हा तोल एका वचनापुरता नाही, तर वचनावचनांमध्येही आहे. सव्विसाव्या प्रकरणात मूर्खाला त्याच्या मूर्खपणाच्या पातळीवर उतरून उत्तर देऊ नये, नाहीतर तुम्हीही त्याच्यासारखे व्हाल, असे सांगून होताच अगदी पुढच्याच वचनात मूर्खाला त्याच्या पातळीवर उत्तर द्यावे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल, असे सांगितले आहे. संपादकाच्या नजरेतून ही विसंगती निसटली असेल असे म्हणणे अशक्य आहे; दोन्ही वचने त्याने हेतुपुरस्सर शेजारी बसवली. तलमुदात अशी नोंद आहे की, या विसंगतीमुळे ही पोथी प्रचारातून काढून टाकावी असा विचार काही पंडितांनी केला होता; पण एक वचन धर्मविषयक वादाला लागू आणि दुसरे लौकिक व्यवहाराला, असा निवाडा होऊन ती राहिली. त्या निवाड्यापेक्षाही पोथी राहिली हे महत्त्वाचे. कोणते वचन कोणत्या प्रसंगी लावावे, हे ठरवण्याची जबाबदारी तिने वाचकावर टाकलेली आहे, आणि शहाणपण म्हणजे तरी याहून वेगळे काय असते?

म्हण होऊन बाजारात उतरताना नेमका हा तोल नाहीसा झाला. गर्वाविषयीचेच वचन घ्या: मुळात विनाशाच्या आधी गर्व येतो आणि ठोकरीच्या आधी उन्मत्त मन येते, असे दोन पायऱ्यांचे विधान आहे, इंग्रजीने पहिल्या तुकड्याचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट एकत्र सांधून आपली म्हण तयार केली. इथे हानी थोडी झाली. छडीच्या बाबतीत मात्र ती फार मोठी झाली. मुलावर छडी न उगारणारा बाप त्याचा शत्रू होय, असा आशय तेराव्या प्रकरणात आहे हे नाकारण्याचे कारण नाही. प्राचीन पश्चिम आशियात हा विचार सर्वत्र होता, आणि इजिप्तमधील एलिफंटिन बेटावर सापडलेल्या, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील अरामी पपायरसांत अहिकार नावाचा अश्शूरी मुत्सद्दीही आपल्या पुतण्याला हेच ऐकवतो. पण इंग्रजी जगाच्या तोंडी जी म्हण बसली तिची शब्दरचना बायबलची नसून सॅम्युएल बटलर या कवीच्या सतराव्या शतकातील एका विडंबनकाव्याची आहे, आणि तिथे तिचा संदर्भ मुलांच्या शिक्षणाचा नाही. आणि ज्या पोथीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून मुलांचे तळहात सुजवले गेले, त्याच पोथीच्या सतराव्या प्रकरणात समंजसाच्या मनावर एक कानपिचकी जितकी ठसते तितके मूर्खाच्या पाठीवर शंभर फटकेही ठसत नाहीत, असे सांगितलेले आहे. ते वचन कोणत्याही शाळेच्या भिंतीवर लागले नाही. इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच आईबापांनाही मारहाणीची मोकळीक नाकारली आहे, आणि आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. पोथीचे उरलेले अर्धे आधी वाचले गेले असते तर पुष्कळ लेकरांचे अश्रू वाचले असते, असे मला मनापासून वाटते.

परंतु सर्वांत मोठा अन्याय झाला तो ईयोबावर. ‘ईयोबाचा धीर’ हा शब्दप्रयोग युरोपच्या बहुतेक भाषांत आहे. त्याचा उगम ख्रिस्ती नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आहे, आणि कुराणातही अय्यूब सहनशील सेवक म्हणून गौरवलेला असल्यामुळे सब्र-ए-अय्यूब अरबी-फारसीच्या वाटेने हिंदुस्थानापर्यंत आला. मूळ पोथीच्या ४२ प्रकरणांपैकी पहिली दोन वाचून थांबणाऱ्याला हे वर्णन यथार्थ वाटेल. ७००० मेंढरे, ३००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी, सात मुलगे आणि तीन मुली असा भरला संसार. ईश्वराच्या दरबारातील फिर्यादी अंमलदार, ज्याला सैतान म्हटले आहे, तो शंका काढतो की, हा मनुष्य फुकट का भक्ती करतो. आणि कसोटी म्हणून एका दिवसात चार दूत एकापाठोपाठ एक येऊन गुरे, मेंढरे, उंट आणि शेवटी मुले गेल्याची वार्ता सांगतात. आपत्तीच्या वार्तेला ईयोबाचे नाव देणारा जर्मन शब्द ही याच चार दूतांची आठवण आहे. ईयोब वस्त्रे फाडतो आणि ईश्वराला दोष देत नाही. आपल्या हरिश्चंद्राच्या आख्यानाशी या चौकटीचे साम्य कोणालाही जाणवेल, जरी दोहोंचा संबंध जोडण्यास काही आधार नाही.

तिसऱ्या प्रकरणापासून मात्र गद्य संपून काव्य सुरू होते, आणि धीराचा हा पुतळा तोंड उघडतो तो आपल्या जन्मदिवसाला शाप देण्यासाठी. तिथून पुढे एकतिसाव्या प्रकरणापर्यंत तो तक्रार करतो, जाब विचारतो, आपली फिर्याद लेखी नोंदली जावी असा हट्ट धरतो, ईश्वराला न्यायासनापुढे खेचू पाहतो आणि प्रतिपक्षाने आपल्यावरचे आरोपपत्र तरी दाखवावे असे आव्हान देतो. जागतिक वाङ्मयात याहून अधीर मनुष्य शोधून सापडणार नाही. धीर धरण्याचा उपदेश करतात ते त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर. आणि त्यांचे बोलणे म्हणजे शुद्ध नीतिसूत्रे आहेत. जो दुःख पेरतो तो दुःखच कापतो, ठिणग्या जशा वर उडतात तसा मनुष्य कष्टासाठीच जन्मलेला आहे, ही दोन्ही सुप्रसिद्ध वचने अलीफजाची आहेत. आणि शेवटी वावटळीतून ईश्वर बोलतो तेव्हा तो काय निवाडा देतो? माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही मात्र बोलला नाहीत, असे तो या मित्रांना सुनावतो. म्हणजे ज्यांना खुद्द ग्रंथात खोटे ठरवले आहे त्यांच्याच तोंडची वाक्ये ग्रंथाची शिकवण म्हणून जगाने म्हणींत जपली. जिवाच्या बदल्यात मनुष्य सर्वस्व देऊन टाकतो हे पुष्कळदा पवित्र वचन म्हणून सांगितले जाणारे वाक्य तर साक्षात सैतानाचे आहे. ज्याचे मूल गेले आहे अशा माणसासमोर, पेरावे तसे उगवते, हे सनातन सत्य उच्चारणे केवढे क्रौर्य आहे, हे सांगण्यासाठी ज्या कवीने आयुष्य खर्ची घातले असेल, त्याच्याच ग्रंथातून ते वाक्य कापून काढले गेले. मित्रांची एकच गोष्ट निर्दोष होती: प्रथम भेटीला आल्यावर ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसून राहिले.

दातांच्या कातडीनिशी निसटल्याचा जो शब्दप्रयोग इंग्रजीत आहे तो याच काव्याच्या एकोणिसाव्या प्रकरणातला. १५६० च्या जिनीव्हा बायबलने तो अक्षरशः उतरवला. दाताला कातडी कसली, या प्रश्नावर पंडितांचे अद्याप एकमत नाही, पण व्यवहाराने अर्थाची वाट पाहिली नाही. याच काव्यातील लिव्याथान हा अजस्र जलचर १६५१ साली टॉमस हॉब्जच्या राज्यशास्त्रीय ग्रंथाचे नाव झाला.

तिसरी पोथी, उपदेशक, अवघ्या बारा प्रकरणांची. तिच्या भाषेत दोन इराणी शब्द आहेत, एक उद्यानवाचक आणि दुसरा पैगाम या आपल्या ओळखीच्या शब्दाचा भाऊबंद. त्यावरून आणि एकूण भाषेवरून अभ्यासक ती शलमोनाच्या कितीतरी नंतरची, इराणी साम्राज्याच्या काळातली किंवा त्याच्याही पुढची मानतात. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत सापडलेले तिचे तुकडे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे आहेत, म्हणजे तेव्हा ती प्रचारात होती. सूर्याच्या खाली नवे असे काही घडत नाही, प्रत्येक गोष्टीला तिचा काळ असतो, सुगंधी तेलात पडलेली माशी सारे तेल नासवते, मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत कुत्रे बरे, तीन पदरी दोर सहज तुटत नाही – एवढ्या लहान पोथीने जगाला इतक्या म्हणी दिल्याचे दुसरे उदाहरण क्वचित सापडेल. पैकी तीन पदरी दोराची प्रतिमा तिच्याहून कितीतरी जुन्या अशा बाबिलोनी गिल्गमेशच्या कथेतही येते. जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस केलेल्या लॅटिन भाषांतरामुळे उपदेशकातील निःसारतेचा सूर युरोपच्या मनात इतका मुरला की, सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी कवटी, विझू लागलेली मेणबत्ती आणि वाळूचे घड्याळ मांडून काढलेल्या चित्रांच्या एका सबंध प्रकारालाच निःसारतेसाठी वापरलेल्या लॅटिन शब्दाचे नाव मिळाले.

खा, प्या आणि मजा करा हा चैनी माणसाचा घोषमंत्र याच पोथीच्या माथी मारला जातो, पण तो या पोथीतील एका वचनात यशया आणि लूक यांच्या ग्रंथांतील वाक्यांची भेसळ होऊन बनलेला आहे. उपदेशकाचे म्हणणे निराळे आणि अधिक गंभीर आहे: सत्ता, संपत्ती, विद्या ही सारी करून पाहिलेल्या माणसाला शेवटी कष्टाची भाकरी आणि सोबत्याचा सहवास हीच काय ती ईश्वराची देणगी वाटते. भर्तृहरीची नीती आणि भर्तृहरीचे वैराग्य ज्याने वाचले आहे त्याला नीतिसूत्रे आणि उपदेशक यांचे नाते समजावून सांगावे लागणार नाही. विलक्षण गोष्ट अशी की, ज्यूंच्या पुष्कळ मंडळ्यांतून ही उदास पोथी वाचली जाते ती मंडपांच्या सणात, सुगीच्या आनंदाच्या दिवसांत.

शलमोनाचे नाव मोठे झाले, तशी परक्यांची वचनेही त्याच्याकडे येऊ लागली. हेही दिवस जातील, हे वाक्य कोरलेली शलमोनाची अंगठी आज जेरुसलेमच्या बाजारात विकत मिळते, पण ते वाक्य बायबलमध्ये कुठेही नाही; राजाच्या अंगठीची ती गोष्ट मध्ययुगीन फारसी कथांतून येऊन ज्यू लोककथेत शलमोनाला चिकटली. याच्या उलट नशीब बेन सिराचे. जेरुसलेमच्या या गुरूने इसवी सनापूर्वी १८० च्या सुमारास नीतिसूत्रांच्याच धर्तीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या नातवाने तो इजिप्तमध्ये ग्रीकमध्ये उतरवला, आणि डांबराला हात लावणाऱ्याचा हात माखल्यावाचून राहत नाही यासारखी त्याची वचने युरोपभर पसरली. पण ज्यूंनी त्याला धर्मग्रंथात घेतले नाही आणि त्याचे हिब्रू मूळ दिसेनासे झाले. १८९६ साली अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश जुळ्या बहिणींनी पूर्वेकडून आणलेले एक जीर्ण पान केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टर यांनी ओळखले, आणि त्या पानाचा माग काढीत ते कैरोतील प्राचीन सिनेगॉगच्या कागदांच्या कोठारापर्यंत पोहोचले. १९६४ साली मसादाच्या किल्ल्यातील उत्खननात याच ग्रंथाच्या हिब्रू गुंडाळीचे तुकडे मिळाले, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा पाठ पुन्हा वाचता येऊ लागला.

म्हणींच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः १६११ च्या इंग्रजी राजाज्ञेच्या बायबलला दिले जाते. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी त्याची छाननी केली तेव्हा संपूर्ण बायबलमधून इंग्रजीत रूढ झालेले २५७ वाक्प्रचार त्यांना आढळले. पण त्यांतील बहुसंख्य आधीच्या भाषांतरांतच होते. जर्मनीत हे काम ल्यूथरच्या १५३४ च्या बायबलने केले.

आपल्या मराठीचा या ग्रंथांशी संबंध समजला जातो त्याहून जुना आणि जवळचा आहे. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणाचा पहिला भाग जुन्या करारावरच रचलेला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम न करण्यामुळे शनिवार तेली म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल तर मराठी हीच मायबोली असलेले ज्यू. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीत लिहिले, जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि याच समाजाने जुन्या करारातील कथा मराठी कीर्तनांतून गायल्या. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात, स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल भाषांतरित केले. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेल्या विदुषीने आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रूचे धातू घोटावेत, ही गोष्ट मराठी विद्वत्तेच्या इतिहासात जितकी सांगितली जावयास हवी तितकी सांगितली गेलेली नाही.

असे असले तरी आपल्या जुन्या म्हणींना हिब्रू मूळ चिकटवण्याचा मोह टाळला पाहिजे. मूर्खाला धान्यासह उखळात घालून मुसळाने कांडले तरी त्याचा मूर्खपणा सुटत नाही, असे नीतिसूत्रे म्हणतात, आणि कोळसा उगाळावा तितका काळाच असे आपण म्हणतो. गर्वाचे घर खाली, अति तेथे माती, यांनाही तिकडे जोड सापडते. रेव्हरंड मॅनवेअरिंग यांनी गोळा केलेल्या मराठी म्हणींचा जो संग्रह १८९९ साली ऑक्सफर्डहून निघाला, तो चाळताना अशी साम्ये पदोपदी भेटतात. ती उसनवारीची नव्हेत. उखळ, कोळसा, शेताचा बांध आणि शेजारी दोन्हीकडे होते, आणि पाहणारे डोळेही.

ज्या वाचकाला या पोथ्या मुळातून पाहावयाच्या असतील त्याला एक सूचना करतो. त्या मराठीत सहज मिळतात. नीतिसूत्रे सलग वाचू नयेत, कारण ती तशी वाचण्यासाठी जुळवलेलीच नाहीत. हिज्कीयाच्या माणसांनी उतरवलेल्या पंचविसाव्या प्रकरणापासून आरंभ करावा आणि रोज थोडी वचने दोन्ही तुकड्यांसह वाचावीत. ईयोब मात्र एका-दोन बैठकींत, मधले काहीही न गाळता वाचावा, आणि प्रत्येक वाक्य कोणाच्या तोंडचे आहे हे पाहिल्यावाचून त्यातले एकही वाक्य दुसऱ्या कोणाला ऐकवू नये.